उपासना चुकवत नाही म्हणजे श्रद्धा आहेच?

नियमित उपासना, पाठ असलेली गीतं, 'आपल्यातली' बोलण्याची ढब हीच श्रद्धेची खूण, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. जर्मनीत १९३३ साली हिटलरला साथ देणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांकडे हे सगळंच होतं. चर्चमधल्याच त्यांच्या विरोधकांकडेही होतं! फरक उघड झाला तो ज्यू वंशाच्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) काढायचा प्रश्न आला तेव्हा. १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्यात विरोधकांनी ख्रिस्ताखेरीज दुसरा प्रभू मानायला नकार दिला (ज्यूंच्या छळाबद्दल मात्र त्यातही अवाक्षर नाही). त्यांच्यातले पाळक डीट्रिख बोनहॉफर यांना पुढे १९४५ मध्ये फाशी झाली. रीतिरिवाज वाईट नाहीत, माणसं त्यांनी बांधली जातात. पण किंमत मोजायची वेळ आली की नुसत्या रीतिरिवाजांवर भागत नाही. नुसतं 'प्रभूजी, प्रभूजी' म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, हे बायबलात मत्तय ७:२१ मध्ये येशूनेच सांगितलंय की.