एकेक सिस्टीम धरून करा
मेडिकलचे शब्द शिकायला एका ताईंनी प्रीफिक्स-सफिक्सची (शब्दाच्या आधी-शेवटी लागणाऱ्या तुकड्यांची) अख्खी यादी ए टू झेड पाठ करायला सांगितलीये, मला नाही पटत ते, त्यापेक्षा शरीरातली एकेक सिस्टीम धरा. म्हणजे आधी फक्त युरिनरी, म्हणजे लघवीची, घ्या. शेवटी युरिया आलं (खतातला नव्हे हां) की लघवीचं काहीतरी, मग हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त, डिसयुरिया म्हणजे करताना जळजळ, ऑलिगुरिया कमी, पॉलियुरिया जास्त आणि अन्युरिया म्हणजे जवळपास बंदच, एका दमात पाच झाले की! शब्द शेवटाकडून वाचायची सवय मात्र लावा, नेफ्रेक्टॉमीत किडनी काढून टाकतात आणि नेफ्रॉस्टॉमीत लघवी बाहेर पडायला वाट करून देतात, घाईत दोन्ही सारखेच दिसतात. किडनीला ग्रीकमधून नेफ्रो आणि लॅटिनमधून रीनल, दोन्ही लागतातच, काय करणार. खरा फसवतो तो मायलो, एकाच तुकड्याचे दोन अर्थ. ऑस्टिओमायलायटिसमध्ये हाडातला मगज आणि पोलिओमायलायटिसमध्ये मज्जारज्जू, म्हणजे सिस्टीम माहीत नसेल तर नुसती यादी घोकून तिथे अडकायलाच होतं. आणि हायपो (कमी) - हायपर (जास्त) ऐकायला सारखेच वाटतात, फोनवर ऐकलं तर सरळ परत विचारून घ्या, लाजू नका.