रोज नाही, रविवारी रांधा
परदेशात एकट्या माणसाला रांधण्यापेक्षा बाहेर खाणंच परवडतं, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. रांधण्यात वेळ जातो हा हिशेब खरा आहे, पण रोज रांधायला हवं असं कुठे आहे? मी रविवारी एकदाच भरपूर करून ठेवते.

फक्त असं एकदाच रांधताना पाळायची एक गोष्ट कुणी सांगत नाही, आणि ती मला आजारी पडल्यावर कळली: मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर निवत ठेवू नका. 5 ते 60 अंश सेल्सियसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, काहींचं विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. उथळ डब्यांत काढून 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, 3-4 दिवसांत संपवा. त्याहून जास्त असेल ते पहिल्याच दिवशी उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये. परीक्षेच्या दिवसांत या डब्यांनी मला फार सांभाळलंय.