जुन्या फायबर बोटीचा विमा : उकाईच्या फुगवट्यात परवडेल असा कसा काढावा?

तापीकाठ

राम राम मंडळी. नंदुरबार जिल्ह्यात, तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यावर (धरणामागे साठलेल्या पाण्यावर) चालणारी २२ फुटी फायबरची बोट आहे. बांधणी २००८ ची. मशीन ९.९ अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसतं ते), २०१४ चं. त्याचं बिल सापडत नाही. मुख्य काम मासेमारीचं. आठवडे बाजाराच्या दिवशी आठ-दहा माणसं पलीकडच्या काठाला जातात. एका ठिकाणी ‘दहा वर्षांवरची बोट घेत नाही’ असं उत्तर मिळालं, दुसऱ्या ठिकाणी घेतात पण हप्ता झेपणारा नाही. बोट मशीनसकट तीन लाखांची धरली, तर विमा दीड लाखाचाच काढून हप्ता अर्धा करता येईल का? आणि सर्व्हे रिपोर्ट मागतात, त्यात नेमकं काय बघतात?

हल_विमा

भाऊ, दीड लाखाचा विचार आधी सोडा. तीन लाखांच्या बोटीवर दीड लाखाचा विमा म्हणजे अर्ध्या बोटीचा विमा, आणि हा हिशेब प्रत्येक दाव्याला लागतो. समजा, खडकावर आपटून ४०,००० रुपयांचं काम निघालं. कंपनी अर्धे म्हणजे २०,००० धरणार, त्यातून पॉलिसीतली वजावट (दर दाव्यात मालकाने स्वतः सोसायची रक्कम), समजा ५,०००, कापणार, हातात १५,०००. बोट पूर्ण गेली तरी दीड लाखाच्या वर काही नाही. किंमत खरी लिहा. हप्ता कमी करायचे रस्ते दुसरे आहेत.

जुन्या बोटीसाठी सगळ्यात उपयोगी रस्ता म्हणजे फक्त ‘टोटल लॉस’चं संरक्षण. बोट बुडून किंवा वाहून पूर्ण गेली तरच पैसे. किरकोळ डागडुजी मालकाची. जुन्या बोटीत विमा कंपनीला भीती असते ती याच किरकोळ दाव्यांची, कारण झीज कुठे संपली आणि अपघात कुठे सुरू झाला हे ठरवणं अवघड. तो भाग तुम्ही स्वतःवर घेतला की हप्ता उतरतो, आणि वयावरून नकार देणारेही पुन्हा विचार करतात. मात्र पॉलिसीत किंमत ‘ठरीव’, म्हणजे दोघांनी आधीच मान्य केलेली, लिहून घ्या. ‘बाजारभावाने’ असं राहिलं तर दाव्याच्या वेळी घसाऱ्याचा वाद उभा राहतो.

दुसरा रस्ता वजावट वाढवण्याचा. ५,००० ऐवजी २०,००० स्वतः सोसायची तयारी असेल तर दोन्ही आकड्यांची कोटेशनं मागा आणि हप्त्यातला फरक बघा. वर्षाला पाचशेच वाचत असतील तर त्या फरकात अर्थ नाही. कोटेशन वाचताना १८ टक्के जीएसटी आत धरलाय की वेगळा, हेही बघा. तुलना तिथेच चुकते.

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्यांकडे विचारा, पण थेट काउंटरवर नको. आपल्याकडच्या शाखेत गाड्या आणि पिकांच्या फायली असतात, ‘मरीन हल’ची, म्हणजे बोटींच्या विम्याची, क्वचित. फाइल वरच्या कार्यालयात जाते आणि अर्धवट असली की तशीच परत येते. मरीनचं काम करणारा ब्रोकर गाठा. एजंट ठरावीक कंपन्यांचा असतो. ब्रोकर ग्राहकाच्या बाजूने बऱ्याच कंपन्यांकडे विचारू शकतो आणि त्याचं कमिशन कंपनी देते.

आता बाजाराच्या दिवसाचं. प्रपोजल फॉर्मवर ‘मासेमारी’ लिहून माणसं नेली आणि त्या दिवशी काही झालं, तर दावा जवळजवळ नक्की नाकारला जाईल. वर त्या माणसांच्या घरच्यांची देणी मालकाच्या अंगावर येतील. इंजिनावर चालणाऱ्या, प्रवासी नेणाऱ्या नावेला अंतर्देशीय जहाज अधिनियम २०२१ प्रमाणे नोंदणी, सर्व्हे आणि तृतीय पक्षाचा विमा लागतो. तेव्हा एक तर माणसं नेणं बंद, नाहीतर ते रीतसर लिहून प्रवाशांच्या दायित्वाचं संरक्षण घ्या. मधला मार्ग नाही.

फायबरकाम

सर्व्हेवाला कसा निवडायचा ते आधी. कंपनीला मान्य असलेला, ‘मरीन हल’चा परवाना असलेलाच बोलवा. आधी स्वतःच्या ओळखीच्या माणसाला पैसे दिले आणि कंपनीने तो रिपोर्ट मानला नाही, तर खर्च दुप्पट.

तो पहिला हात घालेल तो ट्रान्समवर, म्हणजे मशीन बसतं त्या मागच्या फळीवर. या वयाच्या बऱ्याच बोटींत फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. हातोडीच्या दांड्याने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत ओल. मशीन वर उचलून खालच्या पायाला दाब द्या. फळी वाकताना डोळ्याला दिसली तर काम आहे. खात्री करायची तर आतल्या बाजूने ६ मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट आला तर चांगलं, काळा-ओला आला तर ट्रान्सम बदला. भोक इपॉक्सीने बुजवा.

नंतर तळ. जेलकोटवरच्या (बाहेरच्या गुळगुळीत थरावरच्या) केसासारख्या रेघा बहुतेक वरवरच्या असतात. एका जागेवरून चांदणीसारख्या फुटलेल्या रेघा मात्र आपटल्याची खूण. तिथे आतून बघा. फुगे आले असतील तर एक फोडा. आंबट वास येणारं पाणी निघालं तर ओल थरात शिरली आहे.

दुरुस्ती सर्व्हेच्या आधी करा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा. भेगेच्या कडा जाडीच्या बारा पट उतरत्या घासायच्या. तळ ६ मिलिमीटरचा असेल तर दोन्हीकडे ७२ मिलिमीटर. बोट आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, ओलसर फायबरवर नवा थर धरत नाही. ४५० ग्रॅमचं मॅट (काचधाग्याचं कापड) आणि मॅटच्या वजनाच्या अंदाजे अडीच पट पॉलिएस्टर रेझिन. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एक ते दोन टक्के. पण एप्रिल-मेच्या आपल्या खानदेशी उन्हात एकच टक्का, म्हणजे किलोला १० ग्रॅम, आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा. काम सकाळी लवकर उरका, नाहीतर डब्यातच घट्ट होतं. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटा, हार्डनर मग.

मशीनचं बिल नसेल तर ब्रॅकेटवरच्या पट्टीवरील सीरियल नंबरचा स्पष्ट फोटो, मालकीचं प्रतिज्ञापत्र आणि मेकॅनिकचा कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा) लेखी आकडा जोडा. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी ते काम करून घ्या. फॉर्मवर बोट आणि मशीन यांच्या किमती वेगळ्या लिहा. मशीन पाण्यात गळून पडणं बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत, आणि कुलूप नसलेल्या मशीनची चोरीही नाही. क्लॅम्पला कुलूप लावाच, वर साखळीही.

नवापूरकर

एक गोष्ट राहून गेली : हद्द. उकाईचं पाणी दोन राज्यांत आहे. पॉलिसीत ‘महाराष्ट्रातील जलाशय’ एवढंच लिहिलं आणि बोट गुजरातच्या बाजूला सापडली, तर तेवढ्यावर दावा अडतो. ‘उकाई जलाशय, महाराष्ट्र व गुजरात, तापीच्या फुगवट्यासह’ असं लिहून घ्या.

पावसाळ्याची अटही नीट वाचा. वरच्या अंगाला तापीवरच असलेल्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की ते पाणी सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बंधाऱ्यांवरून उतरत उकाईत येतं. त्या काळात बोट काठावर ओढून ठेवायची अट असेल तर ती तंतोतंत पाळा आणि तारखेचा फोटो ठेवा. त्या महिन्यांत बोट वापरणार नसाल तर ‘बंद काळा’ची सूट मागा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पाण्यात बांधून ठेवायची असेल तर दोर आखूड नको. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. पाणी चढलं की आखूड दोराने नाक खाली ओढलं जाऊन बोट भरते, उतरलं की ती उतारावर लटकून तळ चिरतो. वर ताडपत्री टाका. पावसाचं पाणी साचून बोट बुडाली तर त्याला अपघात म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात.

तुमच्या मत्स्य सहकारी संस्थेत अशा दहा-बारा बोटी असतील तर एकत्र प्रस्ताव द्या. एकट्या बोटीला न मिळणारा हप्त्याचा दर तिथे मिळू शकतो आणि सर्व्हेवाल्याचा प्रवासखर्चही वाटला जातो.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. बाजाराची फेरी बंद करतो, ‘टोटल लॉस’ ठरीव किमतीवर घेतो. मग बोटीवरच्या दोन माणसांचं काय?

हल_विमा

बोटीच्या पॉलिसीत ते आपोआप येत नाहीत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला सामूहिक अपघात विमा गोड्या पाण्यातल्या मच्छीमारांनाही आहे : मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व ५ लाख, कायमचं अंशतः २.५ लाख, अपघातात दवाखान्याचा खर्च २५,००० पर्यंत. हप्ता सरकार भरतं. संस्थेमार्फत मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात नावं द्या. शिवाय बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा. माणसं पगारी असतील तर भरपाईची कायदेशीर जबाबदारी मालकावर राहतेच, त्याचं संरक्षणही कोटेशनमध्ये मागा.

फायबरकाम

आणि बोट उलटलीच तर मशीन बाहेर काढल्यावर उन्हात ठेवून सर्व्हेवाल्याची वाट बघत बसू नका. फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि त्याच दोन-तीन तासांत गोड्या स्वच्छ पाण्याने धुऊन, प्लग काढून, दोरी ओढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर टाका, आत तेल सोडा. गाळाच्या पाण्यात भिजलेलं मशीन एका रात्रीत जाम होतं, आणि नंतर चढलेला गंज दाव्यात धरत नाहीत. वाचवायला केलेल्या वाजवी खर्चाच्या पावत्या मात्र जपून ठेवा, त्या दाव्यासोबत जोडता येतात.