एजन्सी सोडून इस्पितळात जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पणजीत एका छोट्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत ३ वर्षं झाली. इंग्रजी प्रेस नोट साहेब लिहितात, मराठी माझ्या गळ्यात. 'नवप्रभा', 'गोमन्तक', 'तरुण भारत'ला मेल टाकायची, मग फोन. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आला की हॉटेलाच्या बातमीला कोण विचारतो?

परवा एका क्लायंटने माझ्यासमोर बातमीच्या कात्रणावर फुटपट्टी ठेवली आणि तेवढ्या जागेच्या जाहिरातीच्या दराने हिशेब मांडला. ही मोजणी २०१०च्या बार्सिलोना तत्त्वांनीच (पीआरचं काम कसं मोजावं, याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) नाकारलीय, पण सांगणार कोणाला!

आता मडगावच्या एका इस्पितळात जनसंपर्क अधिकाऱ्याची जागा निघालीय. पगार थोडा कमी. एजन्सीतून असं कुणी गेलंय का? मुलाखतीला कात्रणांची फाईल पुरेल, की रुग्णाचे नातेवाईक चिडले तर काय बोलायचं, हेच विचारतात? सोमवारी मुलाखत आहे.