शब्दचर्चा : 'डेव्ह पॅकेज' आणि 'हेडर फाइल'

प्रश्न
पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेससाठी एक्स्टेन्शन (सर्व्हरला जोडायचा जादा कोड) लिहिणाऱ्यांकरता मराठी मार्गदर्शिका तयार होते आहे. डेबियन या लिनक्समध्ये 'पोस्टग्रेसक्यूएल-सर्व्हर-डेव्ह-१६' असं पॅकेज मिळतं ('डेव्ह' म्हणजे डेव्हलपमेंट). फेडोरा, रेड हॅट या लिनक्सकडे अशा पॅकेजच्या नावात 'डेव्हल' असतं. मसुद्यात याला एका ठिकाणी 'विकासाधीन सर्व्हर' म्हटलंय, दुसरीकडे 'विकासक पॅकेज'. हेडरला, म्हणजे कोडमधल्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलला, 'शीर्षक फाइल'. तिन्ही शब्द खटकतात. काय वापरावं?

प्रतिसाद
'विकासाधीन' आधी काढा. त्याचा अर्थ 'अजून पुरं न झालेलं' असा होतो आणि वाचणारा ते पॅकेज टाळेल. प्रत्यक्षात ते स्थिर आवृत्तीचंच असतं. 'विकासक' म्हटलं की वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही इमारती बांधणारा आठवतो, त्यामुळे तोही नको.

खरी गोम 'सर्व्हर' या शब्दात आहे. या पॅकेजमध्ये सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम नसतोच. सर्व्हरच्या आतल्या हेडर फाइली आणि पीजीएक्सएस ही बांधणीची सामग्री असते. डेटाबेसशी बाहेरून बोलणारा प्रोग्रॅम लिहायचा असेल तर 'लिबपीक्यू-डेव्ह' वेगळं आहे. नवखे लोक ते घेतात, आणि मग कंपायलर (सोर्सचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) 'पोस्टग्रेस.एच सापडत नाही' म्हणून थांबतो. म्हणून मी 'सर्व्हर-हेडर पॅकेज' आणि 'क्लायंट-हेडर पॅकेज' अशी जोडी सुचवेन. भेद नावातच कळतो.

प्रतिसाद
'शीर्षक' म्हणजे टायटल, ते चूकच. पण 'शीर्ष-फाइल' का नको? ही फाइल सोर्सच्या माथ्यावर जोडली जाते. पोस्टग्रेसमध्ये तर सर्व्हरच्या सी कोडमध्ये 'पोस्टग्रेस.एच' सर्वांत आधी जोडायची, असा नियमच आहे.

प्रतिसाद
जागा सांगितली, काम राहिलं. हेडरमध्ये फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं आणि स्ट्रक्चरमध्ये (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गटात) कोणती फील्ड कोणत्या क्रमाने आहेत, हे असतं. कंपायलर त्यावरूनच मेमरीतली मापं ठरवतो. ती मापं पुढे बदलली, तर आधी बांधलेलं एक्स्टेन्शन बिनसतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच झालं. पोस्टग्रेसच्या १७.१, १६.५ आणि सोबतच्या किरकोळ आवृत्त्यांत 'रिझल्टरेलइन्फो' या स्ट्रक्चरचा आकार वाढला. जुन्या हेडरवर बांधलेली, ते स्ट्रक्चर स्वतः तयार करणारी एक्स्टेन्शनं अडचणीत आली. २१ नोव्हेंबरला वेळापत्रकाबाहेर १७.२, १६.६ वगैरे काढून आकार पूर्ववत करावा लागला. किरकोळ आवृत्तीत असं सहसा होऊ देत नाहीत.

मुख्य आवृत्ती बदलली की मात्र पुन्हा बांधणी करावीच लागते. नावाच्या शेवटी '१६' आहे ते त्यासाठीच. १५ च्या हेडरवर बांधलेलं मॉड्यूल (एक्स्टेन्शनची तयार फाइल) १६ चा सर्व्हर लोड करत नाही. एक्स्टेन्शनच्या कोडमध्ये लिहायच्या 'पीजी_मॉड्यूल_मॅजिक' या मॅक्रोमुळे ती तपासणी होते. मार्गदर्शिकेत हा आकडा गाळू नका, अशी कळकळीची विनंती.

शब्दाचं म्हणाल तर 'हेडर'च ठेवा. शोधताना, चूक वाचताना, दुसऱ्याला विचारताना तोच शब्द समोर येणार आहे.

प्रतिसाद
'बिल्ड'साठी 'बांधणी' छान बसतोय. 'संकलन' नको, त्याने लेखसंग्रह आठवतो.

प्रश्नकर्ता
आभार. मसुद्यात आता असं लिहिलंय : 'एक्स्टेन्शनची बांधणी करण्यासाठी, चालू असलेल्या सर्व्हरच्याच मुख्य आवृत्तीचं सर्व्हर-हेडर पॅकेज घ्या (डेबियनमध्ये नावात "सर्व्हर-डेव्ह"). एकाच यंत्रावर अनेक आवृत्त्या असतील तर योग्य आवृत्तीचं "पीजी_कॉन्फिग" वापरा. हेडर कुठे आहेत ते त्यावरून कळतं.' 'शीर्ष-फाइल' शब्दसूचीत पर्यायी शब्द म्हणून ठेवतो.