राजारामपुरीत विकायला असलेली जुनी आर्चटॉप: कोरीव की प्लाय, आणि किती किंमत धरावी?

शाहूपुरी_सहा_तारा

कोल्हापुरात राजारामपुरीत एका घरी जुनी आर्चटॉप गिटार (टॉप म्हणजे पुढची फळी गोलाईची असलेली) विकायला आहे. घरचे म्हणतात न्यूयॉर्कची, हातानं घडवलेली, १९५० च्या सुमाराची. मागताहेत १,४०,०००.

आत लेबल नाही. हेडस्टॉकवर नाव नाही, नुसतं मोतिया प्लास्टिकचं आवरण. बॉडी सगळ्यात रुंद जागी ४३ सें.मी., म्हणजे १७ इंची. मान पाच पट्ट्या चिकटवून केलेली, नटला (तारांच्या वरच्या टेकूला) लागून झिरो फ्रेट, म्हणजे एक जादा पडदा. एफ-होलच्या (टॉपवरच्या एफ आकाराच्या भोकांच्या) कडा काळ्या रंगवलेल्या. घोडी सुटी, दोन चाकांवर वरखाली होणारी. बाराव्या पडद्यावर जाड तार ४ मि.मी. वर आहे. पिकगार्ड वाकून चिकट झालंय आणि त्याच्याजवळचं टेलपीस (तारा अडकवायची धातूची पट्टी) हिरवट पडलंय. मानेच्या एका कडेला ओळीनं बुजवलेली छोटी भोकं आहेत, त्यांचं कारण कळलं नाही.

रविवारी परत बघायला जाणार आहे. हातात घेऊन नेमकं काय काय तपासू? आणि भाव काय लावू?

पंचगंगा_१७

न्यूयॉर्कचा विषय आधी मिटवू. न्यूयॉर्कची हातची आर्चटॉप म्हटलं की सगळे जॉन डी'अँजेलिकोंचं नाव घेतात. त्यांनी १९३२ ते १९६४ या काळात १,१६४ क्रमांकित गिटार केल्या, त्यांचे नंबर वहीत टिपलेले आहेत आणि हेडस्टॉकवर नाव असतं. ते नाव लावून पुढं जपान-कोरियात झालेल्या गिटार वेगळ्या. तुम्ही सांगताय ते झिरो फ्रेट, पट्ट्यांची मान, मोतिया हेडस्टॉक हे सगळं जर्मन वळण आहे. शोनबाख आणि मार्कनॉयकिर्शन हा तिकडचा वाद्यं करणाऱ्यांचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धानंतर शोनबाखच्या जर्मन कारागिरांना तिथून घालवलं गेलं आणि त्यातले बरेचजण बव्हेरियात बुबेनरॉइटला वसले. हॉफनर, फ्रामुस हे मोठे कारखाने याच लोकांचे. त्यांच्या आसपास घरगुती कारागीर होते, ते दुकानांसाठी बिननावाचा माल करत. त्यामुळं नाव नसणं ही काही संशयाची गोष्ट नाही. त्यातल्या काही गिटार खरोखर उत्तम कोरलेल्या असतात आणि तितक्याच कित्येक प्लायच्या असतात. तुमची सगळी किंमत या एका फरकावर ठरणार.

एफ-होलच्या कडेला वरून काळा रंग दिलेला असला तरी आतल्या खालच्या धारेला तो बहुधा पोचलेला नसतो. गुजरीत सोनार वापरतात ती दहापट भिंग घ्या आणि बारीक एलईडी आत सोडा. टॉपच्या रेषा वरून निघून जाडीतून सरळ खाली उतरल्या तर लाकूड अखंड. मधला थर आडवा दिसला तर प्लाय. रंग खरवडू नका, मालकासमोर तर अजिबात नाही.

अखंड म्हणजे कोरीवच असंही नाही. वाफेनं दाबून गोलाई दिलेली अखंड फळीही असते. ती सगळीकडे एकाच जाडीची असते. कोरलेली मध्ये जाड आणि कडेकडे पातळ होत जाते. व्हर्नियरनं एफ-होलची कड घोडीजवळ आणि खालच्या टोकाला अशी दोन्हीकडे मोजा. घोडीजवळ ५ आणि टोकाला ४ मि.मी. असा फरक आला तर रंधा-पटाशीचं काम समजा.

मागच्या फळीची परीक्षा वेगळी. मेपलवरचा एखादा काळा ठिपका किंवा ठळक लाट बाहेरून निवडा, मधल्या जोडापासून अंतर मोजा, मग एफ-होलमधून मोबाईलचा कॅमेरा घालून आतल्या बाजूला तीच खूण त्याच जागी सापडते का बघा. सापडली नाही तर मागं प्लाय. वजनावर जाऊ नका. दोन्ही प्रकार अडीच-तीन किलोच्या आसपासच भरतात.

मानेवरची ती भोकं तरफांच्या (सतारीसारख्या, आपोआप झणझणणाऱ्या जादा तारांच्या) खुंट्यांची वाटतात. आपल्याकडे आर्चटॉप मांडीवर घेऊन स्लाइडनं वाजवायची पद्धत आहे, पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही आर्चटॉपच्याच अंगावर उभी आहे. पण तशा कामासाठी न घडवलेल्या गिटारीवर जादा तारा चढवल्या की भार टॉपवर येतो. हिशेब करा: बारा नंबरच्या संचातल्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ७० किलो. घोडीवरून तारा १५ अंशांनी वळत असतील तर घोडी टॉपला १८ किलोनं दाबते. त्यात डझनभर तरफा वाढवल्या की काय होईल ते टॉपच्या आतले दोन बार (आधाराच्या लाकडी पट्ट्या) सांगतील. म्हणून बार नक्की तपासा.

घोडीपट्टी

वरचं सगळं बरोबर. फक्त ४ मि.मी. हा आकडा दिसतो त्यापेक्षा गंभीर असू शकतो. सांगतो.

४५ सें.मी.ची स्टीलची सरळ पट्टी पडद्यांवर, तारांच्या मधून, घोडीपर्यंत ठेवा. पट्टीची खालची कड घोडीपाशी टॉपपासून किती उंचीवर येते ते मोजा. मग घोडीची एकूण उंची मोजा. दोन्हींतल्या फरकाचा निम्मा बाराव्या पडद्यावर दिसतो. म्हणजेच घोडी १ मि.मी. उतरवली की तिथं तार अर्धा मि.मी.च खाली येते. ४ वरून २.२ वर यायचं तर घोडी ३.६ मि.मी. उतरायला हवी. चाकांत तेवढी जागा उरली आहे का, ते बघा.

मानेचा बाक वेगळा मोजा. तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर दाबा आणि सातव्यावर फट किती ते फीलर गेजनं बघा. ०.२ ते ०.३ मि.मी. ठीक. १ मि.मी.च्या पुढं असेल आणि मानेत ट्रस रॉड, म्हणजे बाक सुधारायची सळई, नसेल (जुन्या जर्मन गिटारीत बऱ्याचदा नसते) तर पडदे काढून फिंगरबोर्ड रंधावा लागेल, किंवा जाड मुळांचे पडदे ठोकून मान मागं रेटावी लागेल. दोन्ही कामं महाग.

आता महत्त्वाचं. बार सुटून टॉप बसला असेल तर घोडीही त्याच्याबरोबर खाली गेलेली असते, म्हणजे तारा *खाली* यायला हव्यात. टॉप बसलेला असूनही तारा ४ मि.मी. वर असतील तर मानेचा कोन तुम्हाला वाटतोय त्याहून बिघडलेला आहे. बार चिकटवून टॉप वर आला की तारा अजून वर जातील. पुष्कळजण बारचं काम आधी उरकून घेतात आणि मग गिटार वाजेनाशी झाली म्हणून कारागिराला बोल लावतात.

बार बघायला टॉपच्या आतून साधा पातळ कागद बार आणि फळीच्या मध्ये सरकवा. शिरला की सुटलाय. किती लांब शिरतो ते मोजून ठेवा.

उद्यमनगर_टर्नर

भावा, पिकगार्ड पहिलं काढ आणि गिटारीच्या पेटीतनं बाहेर ठेव. ते सेल्युलॉइड आहे, कुजलंय. त्यातनं आम्लाची वाफ निघते आणि तीच टेलपीस, खुंट्या, पडदे खाते. हिरवट पडलंय ते त्यामुळंच. बंद पेटीत वाफ कोंडली की काम लवकर बिघडतं. घरात ठेवायचं असेल तर उघड्यावर, देवघरातल्या दिव्यापासनं लांब. सेल्युलॉइड भडकन् पेट घेतं. कडेची पट्टी तसल्याच प्लास्टिकची असेल तर तिला भेगा पडून चुरा होतोय का बघ. ती बदलायची म्हटलं तर सगळ्या कडेनं काम आहे.

चाकं आणि त्यांचे स्क्रू आटे मोजून उद्यमनगरात पितळेचे करून मिळतात. जुना नमुना न्यायचा, अंदाजानं माप सांगायचं नाही. चाकं ही काय किंमत पाडायची गोष्ट नव्हे.

शाहूपुरी_सहा_तारा

जाऊन आलो. मापं देतो.

टॉपच्या रेषा जाडीतून सरळ उतरतात. कड घोडीजवळ ५.१, खालच्या टोकाला ३.९. मागच्या फळीवरचा ठिपका आतून सापडला नाही. पट्टी घोडीपाशी टॉपपासून १५.५ वर येते, घोडीची उंची २३. चाकांत खाली जायला १.५ मि.मी. उरलंय. बाक ०.२५. जाड तारेच्या बाजूचा बार घोडीपाशी सुटलाय, कागद ६ सें.मी. आत गेला, आणि त्या बाजूला टॉप दुसऱ्या बाजूपेक्षा १.५ मि.मी. बसलेला आहे. टॉपवर खालच्या कडेला दोन भोकं आहेत, कधीतरी पिकअपचे नॉब बसवले असावेत. बाहेरून लाकडी बुचं मारलीत. कडेची पट्टी शाबूत. यूव्ही टॉर्चखाली टॉप आणि बाजू सारख्याच हिरवट-पिवळ्या चमकतात, मानेची मागची बाजू काळपट दिसते.

एका कारागिरानं मोघम आकडे दिले: बार ६,०००, मान काढून परत बसवणं १८,०००, नवं पिकगार्ड आणि किरकोळ ४,०००.

पंचगंगा_१७

म्हणजे टॉप कोरीव, मागं प्लाय. जर्मन मालात ही जोडी पुष्कळ दिसते आणि आवाजाच्या दृष्टीनं त्यात कमीपणा काही नाही. आवाज मुख्यतः टॉप देतो. यूव्हीखालची चमक बघता बॉडीवर मूळ लॅकर आहे, फक्त मान पुन्हा पॉलिश झालेली. पूर्ण गिटारीचं पॉलिश बदललं असतं तर किंमत जवळपास निम्मी धरायला सांगितलं असतं. मानेपुरतं असल्यानं त्याचं फार मनावर घेऊ नका. टॉपमधली भोकं मात्र मनावर घ्या. ती बुजली तरी राहतात.

किंमत माझ्या अंदाजानं: युरोपच्या जुन्या बाजारात प्लायची बिननावाची जर्मन आर्चटॉप काही शे युरोंत मिळते. टॉप कोरीव असलेली, बिननावाची पण धडधाकट, हजार-बाराशे युरोंच्या आसपास. आर्टुर लांगसारख्या कारागिराची आहे असं सिद्ध झालं तर गोष्टच वेगळी, पण लेबलाशिवाय ते नाव कुणी सांगितलं तर पैसे मोजू नका. हिशेबाला युरो शंभर रुपयांचा धरू: धडधाकट असती तर १ ते १.२ लाख. टॉपवरची भोकं, मानेवरच्या तरफांच्या खुणा आणि पॉलिश यासाठी पाव ते तीसेक टक्के कमी. राहिले साधारण ७५,०००. त्यातून दुरुस्तीचे २८,००० वजा. ४५,००० च्या आसपास बोला, ५०,००० ला थांबा.

घरचे म्हणतील, बाहेरून मागवायची तर कस्टम ड्युटी पडते, ती माल, वाहतूक आणि विमा या सगळ्यावर मोजतात. मुद्दा खरा आहे, म्हणूनच वरचे पाच हजार. त्यांना ही मापं कागदावर लिहून दाखवा. न्यूयॉर्कची म्हणून त्यांनी मनात भाव धरलाय, तो त्यांना कुणीतरी सांगितलेला असणार. वस्तू चांगली आहे, फक्त ती जर्मन आहे, हे आदरानं सांगितलं तर बोलणं पुढं सरकतं.

घोडीपट्टी

मापं एकमेकांशी जुळताहेत: २३ वजा १५.५ म्हणजे ७.५, त्याचं निम्मं ३.७५, अधिक बाक ०.२५, झाले ४.

बार बसवल्यावर टॉप पूर्ण १.५ मि.मी. वर येणार नाही, इतकी वर्षं बसलेलं लाकूड तेवढं परतत नाही. १ मि.मी. धरा. म्हणजे घोडी उतरवायची गरज ३.६ वरून ४.६ झाली. चाकांतून १.५, घोडीचा पाया घासून फार तर १. उरले २.१. ते मानेच्या कोनातूनच यायला हवेत. मान चौदाव्या पडद्याला बॉडीशी जुळत असेल आणि स्केल (तारेची वाजती लांबी) ६४.५ सें.मी. असेल तर जोडापासून घोडी सुमारे २८.७ सें.मी.वर येते. हील (मानेचं बॉडीला जोडलेलं बूड) ८ सें.मी. खोल धरली तर तिच्या खालच्या टोकाशी ०.६ मि.मी. लाकूड काढावं लागेल, वर जोडाशी शून्य होत जाईल असं. आकडा ऐकायला छोटा आहे, पण हे करायला जोड वाफेनं सोडवावा लागतो आणि खरा खर्च तिथंच आहे.

बारचं काम मिरजेत द्यायला हरकत नाही. तंबोरा-सतारीची तबली सरसानं बसवणारे हात आहेत, गोलाई असलेली फळी आतून दाबून धरायची त्यांना सवय आहे. अट एकच: गरम सरस, फेव्हिकॉल नाही. फेव्हिकॉलचा जोड सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि नंतर त्या जागी सरस धरत नाही. एपॉक्सी तर पुढच्या कारागिराचा रस्ताच बंद करते. आधी कुणी असलं काही भरलंय का ते कामापूर्वी कॅमेऱ्यानं बघून घ्या. काम पावसाळा उलटल्यावर द्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा बसवलेला मानेचा कोन एप्रिलच्या कोरड्या हवेत जुळत नाही.

क्रम: आधी बार, मग तारा चढवून आठवडाभर ताणाखाली ठेवणं, परत पट्टी लावून मोजणं, आणि मगच मान.

शाहूपुरी_सहा_तारा

सगळ्यांचे आभार. ४५,००० नं सुरुवात करतो. व्यवहार झाला तर राजारामपुरीहून आणताना तारा काढू की ठेवू?

घोडीपट्टी

पूर्ण काढू नका, घोडी सुटी आहे, जागेवरून सरकेल. दोन सूर ढिल्या करा म्हणजे सुटलेल्या बारवरचा भार कमी होईल. टॉप आणि टेलपीसच्या मध्ये मऊ कापडाची घडी घाला. घोडीची जागा आधी मोजून लिहून ठेवा: झिरो फ्रेटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर दुप्पट, जाड तारेच्या बाजूला दोन-तीन मि.मी. जास्त. टॉपवर चिकटपट्टी लावून खूण करू नका, जुनं लॅकर पट्टीबरोबर निघून येतं.