'लोम' म्हणजे पक्षी नव्हे, कुरण

नॉर्वेतल्या लोम गावाचं नाव लोम या पाणपक्ष्यावरून पडलं असावं आणि तिथे पाणीही भरपूर असावं, असं तुम्ही म्हणालात. त्या नावाचा पाणपक्षी नॉर्वेत आहे खरा, पण गावाचं नाव त्यावरून पडलं हा तुमचा तर्क पटत नाही. जुन्या नॉर्स भाषेत 'लो' म्हणजे कुरण. 'लोम' हे त्याच्याच अनेकवचनाचं रूप, 'कुरणांत' अशा अर्थाचं. विभक्तीच नावाला चिकटून बसली म्हणा ना!

पाण्याचं मात्र राहिलंच. नॉर्वेतलं सर्वोच्च शिखर गाल्होपिग्गन (2469 मीटर) लोमच्याच हद्दीत, तरी डोंगर पाऊस अडवतात म्हणून खोरं कोरडं. पूर्वी शेतकरी डोंगरातून पाट काढून पाणी आणत आणि फावड्यासारख्या लाकडी अवजाराने पिकांवर उडवत. गावाच्या मानचिन्हावर तीच तीन फावडी आहेत. बाराव्या शतकातलं लाकडी चर्चही अजून उभं आहे.